मालवणी मुलाखतींचं कोडिंग: सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं, आणि इंग्रजी भाषांतर आधी की नंतर?

रापणकाठ

नमस्कार. पीएच.डी.साठी मालवण, देवगड आणि वेंगुर्ले तालुक्यांतले रापणकार (रापण म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचं मोठं जाळं) आणि मासेविक्रेत्या बायका यांच्या ३४ मुलाखती आणि ३ गटचर्चा झाल्या आहेत. एकूण ४१ तासांचं रेकॉर्डिंग. बोलणं बहुतेक मालवणीत, मधेच प्रमाण मराठी. विषय असा: पर्ससीन (यांत्रिक बोटींची, माशांच्या थव्याला घेरणारी जाळी) आणि एलईडीच्या (रात्री प्रखर दिव्यांनी मासे जमवायच्या) मासेमारीपुढे रापणसंघ कुठे टिकले, कुठे मोडले आणि का.

कोडिंग, म्हणजे मजकुरातल्या उताऱ्यांना विषयांच्या खुणा (कोड) लावणं, मी आणि एक सहकारी मिळून करणार. दोघांचे लॅपटॉप विंडोजचे, ८ जीबी रॅमचे. सॉफ्टवेअरसाठी पैसे नाहीत.

विचारायचं ते असं. फुकटातलं कुठलं सॉफ्टवेअर देवनागरीला नीट चालतं? मार्गदर्शकांचं म्हणणं आहे की सगळ्या मुलाखती आधी इंग्रजीत आणून मग कोडिंग करा. ते योग्य का? आणि सॉफ्टवेअरमधल्या शोधावर कितपत विसंबावं? 'रापण' शोधलं की प्रत्येक फाइलमध्ये वेगळेच आकडे येतात, काही ठिकाणी तर शून्य.

---

खाजणवाट

भाषांतराचं आधी बोलतो, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे. कोडिंग मूळ मालवणीवरच करा. इंग्रजी करायचं ते फक्त प्रबंधात उद्धृत करायच्या उताऱ्यांचं, आणि तेही सगळ्यात शेवटी.

कारण एका वाक्यात दाखवता येतं. समजा कुणी म्हणालं:

"आदी रापण ओढूक पन्नास-साठ माणसा लागत. आता झील मुंबयक गेले, माणूसच गावणा नाय. मगे वाटो घालूचो कोणाक?"

इंग्रजीत हे गेलं की हमखास 'मजुरांचा तुटवडा' असा कोड बसतो. पण रापणीत दोर ओढणारा मजूर नसतो, तो वाटेकरी असतो. मासळीचा वाटा पडतो: जाळ्याचा, होडीचा, माणसाचा. शेवटच्या वाक्यात बोलणारा मजुरीबद्दल बोलतच नाही. वाटणी करायला वाटेकरीच उरले नाहीत, म्हणजे संघच संपत आला, असं तो सांगतोय. या तीन वाक्यांना निदान तीन कोड लागतात: 'ओढायला माणसं कमी', 'तरुणांचं मुंबईला जाणं' आणि 'वाट्याची रीत'. तिसरा कोड तुमच्या प्रबंधाचा कणा ठरू शकतो आणि भाषांतरात तोच गळतो. मार्गदर्शकांना हे उदाहरण दाखवा. कोडांची नावं मराठीत ठेवा आणि प्रत्येक कोडाच्या टिपेत इंग्रजी व्याख्या लिहा, म्हणजे त्यांनाही कोडपुस्तक वाचता येईल.

आता सॉफ्टवेअर. तुमच्या गरजेला दोन पुरेशी आहेत, दोन्ही मुक्त आणि फुकट.

टॅगेट अगदी साधं आहे: फाइल चढवा, मजकूर निवडा, टॅग लावा. अर्ध्या तासात हात बसतो. मर्यादा मात्र आधीच कळलेल्या बऱ्या. एकदा चढवलेला मजकूर आतून दुरुस्त करता येत नाही. शुद्धलेखनाची चूक दिसली तर फाइल पुन्हा चढवायची आणि त्या फाइलवरचं कोडिंग पुन्हा करायचं. कोडांची खरी उतरंडही नाही, 'वाटा.जाळं', 'वाटा.माणूस' अशी टिंब घालून नावं द्यावी लागतात. आणि दोघांनी एकत्र काम करायचं तर सर्व्हर लागतो, म्हणजे मुलाखती दुसऱ्याच्या यंत्रावर जाणार. संमतीपत्रात तसं लिहिलं नसेल तर तो रस्ता बंद.

क्वालकोडर थोडं बोजड आहे, पण तुम्हाला तेच घ्यायला सांगेन. मजकूर, चित्र, ध्वनी, दृश्य सगळ्यावर कोड लावता येतात. कोडांचे गट आणि उपगट करता येतात. प्रत्येक माणसामागे वय, गाव, काम असे गुणधर्म जोडता येतात. कोडकर्त्याचं नाव सेटिंगमध्ये बदललं की कुठली खूण कुणाची ते वेगळं राहतं. मेनू इंग्रजीत आहेत, मजकूर देवनागरीत व्यवस्थित दिसतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ही चूक फार महागात पडते. क्वालकोडरचा प्रकल्प म्हणजे एक फोल्डर आणि त्यात एसक्यूलाइटची डेटाबेस फाइल. हे फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या चालू सिंकमध्ये ठेवून दोघांनी उघडू नका. लिहिणं चालू असताना सिंकने अर्धवट फाइल उचलली की डेटाबेस बिघडतो. काम लॅपटॉपवरच्या साध्या फोल्डरमध्ये करा. दिवस संपला की सॉफ्टवेअर बंद करून फोल्डरची झिप करा, नावात तारीख घाला आणि ती झिप पेनड्राइव्हवर ठेवा.

एनव्हिवो, मॅक्सक्यूडीए, ॲटलस.टीआय वाईट नाहीत. विद्यापीठाकडे परवाना असेल तर वापरा. पण परवान्याची मुदत प्रबंधाआधी संपणार असेल तर त्याआधी रेफी-क्यूडीए स्वरूपात निर्यात करून ठेवा. हे स्वरूप वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना समजतं, क्वालकोडरलाही. बऱ्याच जणांना हा पर्याय मेनूत असल्याचं मुदत संपल्यावर कळतं.

---

सुरंगी

शोधाचं कोडं सॉफ्टवेअरचं नाही, तुमच्या मजकुराचं आहे. देवनागरीत डोळ्यांना सारखा दिसणारा शब्द संगणकाला सारखा असेलच असं नाही. तीन-चार ठिकाणी तपासा.

शून्य येणाऱ्या फाइल आधी उघडा. त्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप झाल्या असतील तर आत देवनागरी नाहीच, रोमन चिन्हं आहेत. फॉन्ट बदलून मंगल किंवा निर्मला करून बघा. मजकुराची खिचडी झाली तर समजा हेच. परिवर्तकाने युनिकोड करून घ्या आणि पाचेक पानं मुळाशी ताडून बघा, कारण जोडाक्षरं आणि रफार हटकून चुकतात. पीडीएफ तर अजिबात घालू नका. पीडीएफमधून देवनागरी काढताना ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि 'किनारा'चा 'कनािरा' होतो. साधी टेक्स्ट फाइल, यूटीएफ-८, हे सगळ्यात सुरक्षित.

दुसरं, 'किनाऱ्यावर'. यातला अर्धा र दोन रीतींनी टाइप होतो. काही कळफलक मूळ 'ऱ' हे अक्षर (यू+०९३१) आणि हलन्त घालतात. काही साधा 'र', हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह (यू+२००डी) घालतात. पडद्यावर दोन्ही एकच. शोधात मात्र एक सापडतं, दुसरं नाही. तुमच्या विषयात तर 'किनाऱ्यावर', 'खाऱ्या', 'वाऱ्याने' पानोपानी असणार. नोटपॅड++ मध्ये एका रीतीचा तुकडा मजकुरातूनच कॉपी करून 'शोधा'त चिकटवा, दुसऱ्या रीतीचा 'बदला'त, आणि सगळ्या फाइलींवर एकदम चालवा. अदृश्य चिन्ह हाताने टाइप करायला जाऊ नका. आणि ते चिन्ह मुळातच गळलेलं असेल तर 'दऱ्या'चा 'दर्या' झालेला असतो, म्हणजे डोंगरातल्या दऱ्या थेट समुद्रात. तिथे एकगठ्ठा बदल चालत नाही, वाचूनच ठरवावं लागतं.

तसंच 'ॲ'. एक अखंड अक्षर (यू+०९७२), दुसरं 'अ'वर वेगळा चंद्र. युनिकोडचं प्रमाणीकरण चालवलं तरी ही दोन एक होत नाहीत, हाताने बदलावी लागतात.

मग लेखनाची रूढी. तुमच्याकडे 'रापण' आणि 'रांपण' दोन्ही असणार, आकड्यांतला फरक बहुधा त्यातूनच येतोय. क्वालकोडरच्या शोधात रेग्युलर एक्स्प्रेशन (शब्दाऐवजी त्याचा साचा देणं) चालतं: रां?पण असं द्या. अनुस्वार हे वेगळं चिन्ह आहे, त्यापुढचं प्रश्नचिन्ह म्हणजे 'असला तर असो, नसला तर नसो'. पुढे काही न लावल्यामुळे रापणीक, रापणीत, रापणकार हेही येतात. मराठीत सामान्यरूप होतं म्हणून शोधताना नेहमी शब्दाचं न बदलणारं टोक द्या. 'होडी' दिलंत तर 'होड्यांना' सुटेल. 'होड' द्या, सगळं येईल. इंग्रजीसाठी काही सॉफ्टवेअरांत मूळ शब्दाची रूपं आपोआप धरायची सोय असते, मराठीला ती मिळेल असं गृहीत धरू नका.

उलट बाजूही आहे. 'गाव' शोधलंत तर गावात, गावाला येईल आणि त्याच्याबरोबर 'मासळी गावली', 'माणूस गावणा नाय' हेही येईल, कारण मालवणीत गावणे म्हणजे मिळणे. 'वाव' म्हणजे पाण्याची खोली मोजायचं मापही आणि संधीही. 'मोरी' म्हणजे मासाही आणि न्हाणीघरातली मोरीही. 'पात' म्हणजे छोटी होडी, पण शोधात पातळी, पात्र सगळं येणार. म्हणून शोधून आलेल्या ओळींवर एकगठ्ठा आपोआप कोड लावू नका. शोध वापरायचा तो वाचताना काही सुटलं का ते बघायला, वाचण्याऐवजी नाही.

शब्दांची वारंवारता काढणार असाल तर आणखी एक सापळा. पायथनच्या नेहमीच्या 're' मॉड्यूलमध्ये 'शब्दातलं अक्षर' या खुणेत मात्रा आणि वेलांट्या धरल्याच जात नाहीत, त्यामुळे 'किनारा'चे क, न, र असे तुकडे पडतात. त्याऐवजी 'regex' हे वेगळं मॉड्यूल घ्या, किंवा आर भाषेतलं टायडीटेक्स्ट. त्याचं शब्द तोडणं आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या नियमांनी होतं, मात्रा तुटत नाहीत.

---

पडवी

४१ तासांचं लिप्यंतर (रेकॉर्डिंग ऐकून शब्दन् शब्द लिहून काढणं) अजून चालू असेल म्हणून थोडं. एक तासाच्या रेकॉर्डिंगला सहा ते आठ तास धरा. मालवणी आणि वारा एकत्र आले की आठच.

व्हिस्पर या बोलणं ऐकून मजकूर लिहिणाऱ्या एआय मॉडेलला मराठी येते. भाषा स्पष्टपणे मराठी म्हणून द्या, नाहीतर ते कधी हिंदी समजून बसतं. पण त्याच्या हातून मालवणी प्रमाण मराठीत ओढली जाते, 'गावणा नाय'चं 'मिळत नाही' होतं, आणि खाजणवाट यांनी वर दाखवलेलं सगळं तिथेच जातं. दुसरं म्हणजे ते ३० सेकंदांच्या तुकड्यांत चालतं. तुकड्यात बोलणं नसून नुसता वारा किंवा इंजिन असेल तर ते गप्प बसत नाही, मनाने वाक्य रचतं किंवा एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहितं. तेव्हा मसुदा म्हणून घ्या आणि प्रत्येक मिनिट कानाने तपासा. हाताने लिहायला ओट्रान्सक्राइब आहे, ते ब्राउझरमध्ये चालतं, मजकुरात वेळेच्या खुणा घालतं. दर दोन मिनिटांना एक खूण पुरे.

लिप्यंतरात बोलणारा बदलला की नवी ओळ आणि पुढे 'मु:' (मुलाखतकार) किंवा 'उ:' (उत्तर देणारा), कायम तसंच. गटचर्चेत 'उ१:', 'उ२:'. गटचर्चेत कोण बोललं हे कळलं नाही तर अंदाज न करता 'उ?:' लिहा.

---

रापणकाठ

फार मोलाचं मिळालं. फाइली बघितल्या: शून्य आलेल्या ६ जुन्या फॉन्टच्याच निघाल्या, आणि रांपण/रापण दोन्ही आहे.

अजून दोन शंका. आम्ही दोघं वेगवेगळं कोडिंग करून कप्पा (kappa, दोघांची सहमती योगायोग वजा करून मोजणारा आकडा) काढणार आहोत. पहिल्या दोन मुलाखतींवर कप्पा फार कमी आला, पण बोलून बघितलं तर आमची मतं जुळतात. असं का? आणि काही तांडेल (होडीचे प्रमुख) एलईडीच्या मासेमारीबद्दल मोकळेपणी बोललेत. ते कसं हाताळावं?

---

खाजणवाट

मत जुळूनही कप्पा पडतो तो खुणेच्या लांबीमुळे. क्वालकोडर अक्षरं मोजतं. १०,००० अक्षरांची मुलाखत घ्या. एका कोडासाठी तुम्ही १०० अक्षरांचं वाक्य खुणावलंत, सहकाऱ्याने तेच वाक्य धरून ३०० अक्षरांचा परिच्छेद. न खुणावलेला मजकूर दोघांचा सारखाच, म्हणून टक्केवारीत सहमती ९८. कप्पा मात्र सुमारे ०.४९. मतभेद काहीच नाही, आणि ९८ हा आकडाही तितकाच फसवा.

उपाय आकड्यात नाही, एककात आहे. कोडिंगआधी ठरवा की खूण नेहमी 'उ:'पासून उत्तर संपेपर्यंत. उत्तर लांबलचक असेल तर विषय बदलला तिथे आधीच नवा परिच्छेद करून ठेवा. फाइल दोघांकडे अक्षरनअक्षर तीच हवी. खुणा अक्षरांच्या क्रमांकावर बसतात, एकाने मधेच स्वल्पविराम घातला तर तुलना सरकते. म्हणजे सुरंगी यांनी सांगितलेली सगळी साफसफाई आधी, मग मजकूर गोठवायचा, मग कोडिंग.

कोडपुस्तकात प्रत्येक कोडाला चार ओळी: व्याख्या, काय धरायचं, काय धरायचं नाही, एक नमुना उतारा. तिसरी ओळ सगळे गाळतात आणि भांडणं तिथेच होतात. उदाहरणार्थ 'वाट्याची रीत' यात पर्ससीनवरच्या खलाशाचा पगार धरायचा नाही, मासळीतला हिस्सा मिळत असेल तर धरायचा. पहिल्या चार मुलाखतींतून कोड काढा, ३०-४० वर गेले तर थांबून एकत्र करा. दीडशे कोड झाले की कुणालाच ते लक्षात राहत नाहीत, तोच अर्थ तीन नावांनी पसरतो.

काळासाठी वेगळा गट करा. किनाऱ्यावर माणसं साल सांगत नाहीत, 'फयानाच्या वर्षी' म्हणतात. फयान वादळ (नोव्हेंबर २००९), पर्ससीनवर राज्याने निर्बंध घातले ते (फेब्रुवारी २०१६), तौक्ते वादळ (मे २०२१), असे टप्पे कोड म्हणून ठेवलेत की 'रापण कधी मोडली' हे नंतर त्यांच्या छेदात बघता येतं.

---

उधाण

कप्प्याबद्दल थोडा वेगळा सूर लावतो. आधी पद्धत कुठली ते ठरवा. ब्राउन आणि क्लार्क यांची चिंतनशील विषयसूत्र पद्धत घेतली असेल तर कप्पा तिथे बसतच नाही. त्या पद्धतीत संशोधकाचं वाचन हेच साधन असतं, दोघांचं सारखं यावं ही अपेक्षाच नसते. प्रबंधात एका पानावर त्यांचं नाव आणि पुढच्या पानावर कप्पा ०.७ असं आलं की परीक्षक बरोबर तिथे बोट ठेवतात. आराखडा पद्धत (ठरलेल्या कोडांच्या तक्त्यात मजकूर मांडायची) किंवा आशयविश्लेषण असेल तर कप्पा जरूर काढा.

एलईडीचं फार जपून. त्या मासेमारीवर बंदी आहे, म्हणजे तो उतारा माणसाला अडचणीत आणू शकतो. नाव बदलणं पुरत नाही. छोट्या वाडीत 'साठीचा तांडेल, सहा सिलिंडरचं इंजिन, दोन मुलगे गोव्याच्या बोटीवर' एवढ्यावर कुणीही माणूस ओळखतो. होडीचं नाव, वाडी, देवळाचा मान, इंजिन, नातेवाईक कुठे आहेत, हे सगळं 'वाडी-२', 'नातेवाईक परगावी' असं करा, आणि ते सॉफ्टवेअरमध्ये घालण्याआधी. कोणता क्रमांक कुणाचा ही यादी वेगळ्या, पासवर्डच्या फाइलमध्ये, दुसऱ्या जागी. फाइलच्या नावातही माणसाचं नाव नको. निर्यात केली की ती नावं तक्त्यात जशीच्या तशी उतरतात.

विकाऊ सॉफ्टवेअरांतली एआयची मदतही या मुलाखतींना नको. मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जातो, आणि तुमच्या तांडेलाने त्याला होकार दिलेला नाही.

---

रापणकाठ

आराखडा पद्धतच आहे, म्हणजे कप्पा राहील. शेवटचं एकच: निष्कर्ष रापणकारांना परत दाखवायचे आहेत. क्वालकोडरचे अहवाल त्यांच्यापुढे ठेवता येतील का?

---

सुरंगी

अहवाल जसेच्या तसे नकोत. त्यात उतारे फाइलच्या नावासकट येतात. कोडांचा अहवाल तक्त्यात काढा, फाइलचा स्तंभ उडवा, आणि प्रत्येक मोठ्या कोडाखाली दोन-तीन उतारे मालवणीतच ठेवून कागदावर मोठ्या अक्षरात छापा. वाचून दाखवा, कारण लिहिलेलं मालवणी वाचताना अडखळायला होतं, ऐकताना नाही. ज्याचा उतारा आहे त्याच्या वाडीत तोच उतारा वाचू नका. देवगडचा मालवणात, मालवणचा वेंगुर्ल्यात. 'हा असा नाय' असं कुणी म्हणालं तर ते नव्या टिपेत लिहून त्या कोडाला जोडा, जुना उतारा पुसू नका.

आणि हे १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत उरका. पुढे नारळी पौर्णिमा झाली की किनाऱ्यावर कुणाला तासभर बसवणं कठीण.